न भाजलेला राब

"आमच्या घरातून कचरा बाहेर जात नाही." हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आहे, की पाहुणे आले की बायको आधीच सांगून टाकायची, "चहा घ्या, आणि हे आता कचऱ्यावर बोलणार आहेत, तेही घ्या." पाहुणे हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. ते वाक्य छातीठोकपणे म्हणता यावं म्हणून तर मी बदलापुरातला फ्लॅट विकून या रानात येऊन राहिलो होतो.

निवृत्तीनंतर घेतलेला तो फ्लॅट मांजर्लीत होता, तळमजल्यावर. एका पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या हॉलमध्ये आली. पूर म्हणजे पाणी असं लोकांना वाटतं. पाणी दुसऱ्या दिवशी निघून गेलं. मागे राहिलं ते निराळंच होतं: थर्माकोलचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, डायपर, औषधाच्या बाटल्या, कुणाच्या तरी निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी आणि सगळ्यावर एक काळा, तेलकट चिखल. बायको देव एकेक करून बादलीत धूत होती. मी फावड्याने हॉल उपसत होतो आणि त्या चिखलाचा वास मला ओळखीचा लागत होता.

अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात मी जन्म काढला. माझ्याकडे सांडपाण्याचं खातं होतं. कारखान्यातलं घाण पाणी टाक्यांमध्ये घ्यायचं, त्यावर प्रक्रिया करायची आणि स्वच्छ झाल्यावरच बाहेर सोडायचं, हे माझं काम. पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरली की वरून फोन यायचा, "साहेब, जागा करा." मग मी व्हॉल्व्ह उघडायला सांगायचो, पाणी तसंच नाल्यात जायचं आणि रजिस्टरमध्ये त्या दिवशीच्या रकान्यात मी 'ठीक' असं लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे. तो नाला बदलापूरकडे येत नाही, खाली उल्हासनगरच्या अंगाला जातो, हे मला नकाशासकट पाठ होतं. तरीही हॉलमधला चिखल उपसताना मला वाटलं, आपलंच आपल्या घरी परत आलं.

तेव्हा नाही म्हणता आलं नसतं का? आता वाटतं, आलं असतं. पण आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, मुलगी शाळेत होती, आणि ज्याच्या छपराखाली राहतो त्याला नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. निवृत्त झालो त्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात कुणीतरी म्हणालं, साहेबांनी कधी कुठल्या गोष्टीला नकार दिला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुरानंतर मी हट्टालाच पेटलो. बारवी धरणाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक जमिनीचा तुकडा घेतला. तिथे विजेची तार नाही, नळ नाही, घंटागाडी तर स्वप्नातही येत नाही. छपरावर सोलर बसवलं. जमिनीत आधीचीच एक जुनी विहीर होती, तिचा गाळ काढला. संडास कोरडा केला, म्हणजे पाणी न ओतता वर राख आणि पाला टाकायचा. त्याचं खत दोन वर्षं बंद ठेवायचं आणि फक्त झाडांना घालायचं. आंघोळीचं पाणी केळींना. प्लास्टिक धुऊन, वाळवून पोत्यात भरायचं आणि महिन्यातून एकदा बदलापुरात भंगारवाल्याला नेऊन द्यायचं. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पाला खड्ड्यात. घरात पाच निरनिराळे डबे होते आणि बायकोने चुकीच्या डब्यात काही टाकलं की मी ते काढून तिला दाखवायचो. ती म्हणायची, "कारखान्यात असताना कधी एवढं दाखवलंत का कुणाला?" मी डब्यांची झाकणं लावायला लागायचो.

पाण्यासाठी ड्रम आणायला मी उल्हासनगरात गेलो होतो. कॅम्पातल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडे निळ्या ड्रमांची रांग होती. आधी यात काय होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "साईं, शरबत था, शरबत!" मी एकेका ड्रमात डोकं घालून वास घेत बसलो. सतरा ड्रम हुंगून त्यातले तीन पसंत केले. तो हात जोडून म्हणाला, "इतना तो लोग लड़की देखने में भी नहीं देखते, साहब." मी आपल्या हुशारीवर खूश होऊन परत आलो. नाकाला कळत होतं तेवढं मी बरोबर ओळखत होतो.

आमच्या जमिनीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. वीस-बावीस घरं, कुडाच्या भिंती, पुढे अंगण. माणसं भात करतात, रानात जातात, उरलेले दिवस बदलापुरात किंवा वांगणीला मजुरी. वाडीची विहीर होळीनंतर तळ गाठते. आमच्या विहिरीला मात्र जूनपर्यंत पाणी असतं. पहिल्याच उन्हाळ्यात वाडीतल्या बायका हंडे घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या आणि मी लगेच म्हणालो, "न्या की, विचारायचं काय त्यात." हे मी मनापासून म्हणालो होतो.

पण मी सांडपाण्याच्या खात्यातला माणूस. आठ दिवसांत विहिरीवर पाटी लागली. चपला बाहेर काढाव्यात. कपडे धुऊ नयेत. पुड्या, पिशव्या टाकू नयेत. एकदा काठावर गुटख्याची पुडी दिसली, तेव्हा डोक्यात राख घालून मी ओरडलोही, "असं असेल तर उद्यापासून विहिरीला कुलूप!" संध्याकाळपर्यंत माझा राग उतरला आणि मी ते विसरूनही गेलो. त्यानंतर मात्र विहिरीवर कागदाचा कपटा दिसला नाही. वाडीच्या वाटेवरच्या पुड्याही कमी झाल्या. मी पाहुण्यांना सांगायला लागलो की लोकांना नीट समजावलं की लोक ऐकतात.

हंडे नेणाऱ्यांत सगळ्यात आधी यायची ती एक बाई. तिला मी मावशी म्हणायचो. वयाने ती माझ्याहून लहानच असेल, पण इकडे तशीच रीत. नवरा गेलेला, मुलगा बदलापूरच्या एमआयडीसीत कंत्राटावर, घरी सून. आमच्या कुंपणाला लागून तिची दोन खाचरं होती, एक वरचं, एक खालचं. त्या दोन खाचरांतलं भात म्हणजे तिच्या घरातला दिवाळीपासून पुढच्या पावसापर्यंतचा तांदूळ. येताना ती बायकोसाठी कधी शेवळाची रानभाजी आणायची, कधी करवंदं. बायकोशी गप्पा मारताना खळखळून हसायची. मी आलो की पदर सावरून उभी राहायची. माझा मान ठेवते, असं मी समजत होतो.

दुसऱ्या वर्षी चैत्रात एका सकाळी मी बाहेर आलो तर मावशीच्या शेताच्या कोपऱ्यात पाल्याचा, काटक्यांचा, शेणाचा हा ढीग. सून वरून गवत पसरत होती, मावशी त्यावर माती टाकत होती. मी विचारलं, "हे काय चाललंय?" मावशी म्हणाली, "राब भाजायचाय सायेब."

राब म्हणजे भाताची रोपं जिथे तयार करायची तो जमिनीचा छोटा तुकडा. पेरण्याआधी त्यावर शेण, पाला, गवत रचून ते जाळतात. मला हे ऐकून माहीत होतं. पण माहीत असणं आणि समजणं यात फरक असतो. मला त्या ढिगात फक्त जळणारा कचरा दिसला. इतका सुंदर पाला, इतकं शेण, ज्याचं सोन्यासारखं खत झालं असतं, ते ही बाई काडी लावून धूर करणार! मी तिथे उभा राहून अर्धा तास बोललो. धुराबद्दल बोललो, मातीतल्या जिवाणूंबद्दल बोललो. शेवटी म्हणालो, "जाळू नका. त्याऐवजी माझं खत घ्या. मी आणून देतो, तुम्हाला हातसुद्धा लावावा लागणार नाही."

मावशीने सुनेकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे, विहिरीच्या बाजूला पाहिलं. मला वाटलं, विचार करते आहे.

"बरं सायेब," ती म्हणाली. "तुमी म्हंता तसं."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, मावशी तयार झाली. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला विचारलंत की तिला सांगितलंत?" मी म्हणालो, एकच आहे ते.

दोन दिवस मी घमेली भरभरून खत वाहिलं. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, ती तेव्हा मी स्वतःशीही केली नव्हती. खत तयार झालेलं नव्हतं. खड्ड्यात खुपसायचा थर्मामीटर होता माझ्याकडे. तणाचं, फळांचं बी मरायला जेवढी उष्णता लागते तेवढी त्या खड्ड्यात कधीच आली नव्हती. हातात घेतलं तर अंड्याची टरफलं, अर्धी कुजलेली सालं स्पष्ट दिसत होती. अजून तीन-चार महिने तरी थांबायला हवं होतं. पण खड्डा भरला होता आणि मला जागा हवी होती. थर्मामीटर पुसून ठेवताना मी मनात म्हणालो, ठीक आहे.

मृगाचा पाऊस झाला आणि मावशीने पेरलं. आठवड्याभरात तो तुकडा असा गर्द हिरवा झाला की मी बायकोला हाताला धरून कुंपणाशी नेलं. "बघ," मी म्हणालो. "बाकीच्यांच्या राबात बघ आणि इथे बघ." तिने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"अहो, हा टोमॅटो आहे," ती म्हणाली. "आणि हा भोपळा. हे कलिंगडाचं असेल, आपण होळीला आणलं होतं ते. यात भात कुठलं?"

भात होतं. टोमॅटो, भोपळा, राजगिरा आणि नाना तऱ्हेचं गवत यांच्यामध्ये कुठे कुठे होतं, आणि पिवळं पडलेलं होतं. कच्चं खत जमिनीत गेलं की आधी स्वतः कुजण्यासाठी मातीतलं पोषण खातं, पिकाला उरू देत नाही. मी केमिस्ट आहे. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि राब का भाजतात तेही मला तिथे, त्या चिखलात उभा असताना समजलं. आगीने तणाचं बी मरतं. माती भुसभुशीत होते, म्हणजे लावणीच्या वेळी रोप मूळ न तुटता अलगद उपटून येतं. मी ज्याला कचरा जाळणं म्हणत होतो ती या लोकांची तण काढायची रीत होती, जमीन नांगरायची रीत होती, सगळंच होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मावशी आणि सून पावसात इरलं घेऊन, उकिडव्या बसून, एकेक तण उपटत होत्या. कोवळं असताना गवत आणि भात सारखंच दिसतं. मी म्हणालो, मी पण बसतो. बसलो, आणि पहिल्याच मुठीला सून ओरडली, "सायेब, त्ये भात हाय!"

माझ्या हातात चार पिवळी रोपं होती. आपण तोंडघशी पडलो की माणसाने गप्प बसावं. मला ते जमत नाही. मी चिडलो, आणि चिडलो तोही मावशीवरच.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" मी म्हणालो. "भाजल्याशिवाय असं होतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मावशी खाली बघून तण काढत राहिली. सून उठून उभी राहिली. तिच्या हाताला कोपरापर्यंत चिखल होता.

"ठावं नसंल व्हय? जल्मभर राब भाजलाय त्यांनी," ती म्हणाली. "पन तुमाला नाय कशा बोलतील? चैतात आमची इहीर आटते. तुमच्या इहिरीवरनं हंडे आनतो आमी. तुमी कुलूप लावलं तर कुठं जायाचं?"

"गप गं," मावशी म्हणाली.

"मी कुलूप लावेन?" मी म्हणालो. "मी कधी..."

आणि मला ती गुटख्याची पुडी आठवली. मी संध्याकाळपर्यंत विसरलो होतो. वाडीतलं एकही माणूस विसरलं नव्हतं. विहिरीवरच्या काढलेल्या चपला, वाटेवरच्या कमी झालेल्या पुड्या, मला बघून सावरलेला पदर, हे सगळं मी वर्षभर माझ्या समजावण्याच्या खात्यावर जमा करत होतो. ते भीतीचं होतं.

मावशीने हात झटकले. "सायेब, पोरीचं मनाला लावून घिऊ नका," ती म्हणाली. "पानी देता तुमी. लय उपकार हायेत."

त्या शब्दाने मला अतोनात लाज वाटली. मी ते तोंड ओळखत होतो. वरून फोन आल्यावर "हो सर, करतो" म्हणणारं माझं तोंड असंच दिसत असणार. फरक इतकाच की त्या वेळी नाल्यात जे गेलं ते कुणाच्या दारात गेलं हे मी कधी जाऊन पाहिलं नाही. या वेळी कचरा माझ्या घरातून निघून कुंपणापलीकडे गेला होता, आणि तो मी स्वतःच्या डोक्यावरून वाहून नेला होता.

वाडीत एक रीत आहे. लावणी झाल्यावर ज्याच्याकडे रोपं उरतात तो ज्याला कमी पडली त्याला देतो. मावशीला चार घरांतून उरलेल्या रोपांच्या जुड्या मिळाल्या. निरनिराळ्या जातींचं भात, कुणाचं आठवडाभर पुढे, कुणाचं मागे. त्यात वरचं खाचर कसंबसं लागलं. खालचं तसंच पडून राहिलं. श्रावणात त्यात तेरड्याची गुलाबी फुलं आली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते खाचर समोर दिसतं. मी जेवायला बसायची जागा बदलली. बायकोने पाहिलं आणि माझं ताट तिथे आणून ठेवलं.

दिवाळीनंतर मी तांदळाची पोती घेऊन तिच्या अंगणात गेलो. ती घेणार नाही, असं मला वाटत होतं, किंवा तिने नको म्हणावं अशी माझी इच्छा होती. ती म्हणाली, "बरं सायेब, ठेवा तिथं." तिला ती हवी होती की नव्हती हे मला कळलं नाही. ते कळायचा रस्ता मीच बुजवून ठेवला होता.

विहिरीवरची पाटी मी काढली. वाडीत जाऊन, चारचौघांत सांगितलं की पाणी सगळ्यांचं आहे, मी असेन-नसेन, कुणी अडवणार नाही. लोकांनी मान हलवली. विहिरीच्या कठड्याला रहाटाशेजारी दार होतं, तेही मी काढून टाकलं, म्हणजे कुलूप लावायला जागाच नको. उन्हाळा आला. बायका आल्या. पाटीच्या जागी नुसता खांब होता, तरी सगळ्यांच्या चपला खांबाच्या अलीकडे, ओळीने.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी पाला खड्ड्यात टाकला नाही. ऐनाचा, सागाचा सगळा पाला झाडून कुंपणाशी ढीग केला, वरून जाळी टाकली. पाल्याशिवाय आमच्या कोरड्या संडासाचे हाल झाले, नुसत्या राखेवर भागवावं लागलं. बायको म्हणाली, "आता कुठे तुमचं शहाणपण जरा उतरतंय." चैत्र लागला तरी मावशीच्या शेतात काही हालचाल दिसेना. वाडीत इतर राब रचून झाले होते, दोन-तीन भाजूनही झाले होते. मी रोज बघत होतो. तिचा कोपरा तसाच, गेल्या वर्षीच्या वाळलेल्या भोपळ्याच्या वेली अंगावर घेऊन.

शेवटी एका सकाळी ती हंडा भरायला आली तेव्हा मी विहिरीपाशी गेलो. बायको धुणं वाळत घालत होती. मी ठरवून गेलो होतो की सांगायचं नाही, विचारायचं.

"मावशी, यंदा राब कसा करणार?" मी विचारलं.

ती हंडा खाली ठेवून उभी राहिली. पदर सावरला. "कसा करू सायेब?" ती म्हणाली.

"तुम्हाला हवा तसा. मला काय कळतंय त्यातलं? गेल्या वर्षी माझं चुकलं. तुमचं शेत, तुम्ही ठरवा."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. यातलं खरं काय हवं आहे मला, हे शोधत असावी. सून मागे हंडा घेऊन उभी होती, तीही बघत होती. मला ते सहन होईना. मी कुंपणाकडे हात केला आणि म्हणालो, "तो पाला तुमच्यासाठीच ठेवलाय. राब भाजा, मावशी. भाजाच."

तिचा चेहरा जरा सैल झाला. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, म्हणजे माझं. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, सुनेने हंडा चढवला.

"बरं सायेब," ती म्हणाली. "तुमी म्हंता तसं."